साभार परत

मी कथा लिहायला लागलो तेव्हा मासिकांच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात एक सूचना असे. साहित्यासोबत पुरेशी तिकिटं लावलेलं, स्वतःचा पत्ता लिहिलेलं पाकीट जोडावं. म्हणजे आपल्या तिरडीचे बांबू आपणच आधी नेऊन पोचवायचे. मी ते इमानाने पोचवत असे. तीनेक आठवड्यांनी पोस्टमन यायचा आणि पाकिटावरचं अक्षर ओळखून आई दारातूनच ओरडायची, “अरे, तुला तुझंच पत्र आलंय!” आत कथा, कथेला टाचणी, टाचणीत चिठ्ठी आणि चिठ्ठीवर दोन शब्द: साभार परत. त्यातला पहिला शब्द मला आवडायचा. ज्या भाषेत नाकारतानाही आभार मानतात ती भाषा संस्कारी घरातलीच असणार.

हे सगळं आठवायला मला टोकियोला जावं लागलं. मुलगी नोकरीसाठी तिथे असते. एका शरद ऋतूत तिच्याकडे गेलो असताना आम्ही उएनो उद्यानात फिरत होतो. तिथल्या महानगर कलासंग्रहालयाच्या मागच्या अंगाला माणसांची रांग लागली होती आणि प्रत्येकाजवळ दाराएवढं, खिडकीएवढं काहीतरी चादरीत नाहीतर पुठ्ठ्यात गुंडाळलेलं होतं. सत्तरीच्या एक आजी स्वतःपेक्षा उंच चौकट धरून उभ्या होत्या. वाऱ्याची झुळूक आली की चौकट आजींना घेऊन निघायच्या बेतात येई.

“प्रदर्शनासाठी चित्रं जमा करायचा दिवस दिसतोय,” मुलगी म्हणाली. “कोणीही देऊ शकतं. मग परीक्षक निवडतात.”

“आणि नाही निवडलं तर?”

“तर न्यायचं परत.”

त्या परक्या देशात मला एकदम गाव भेटल्यासारखं झालं.

जाहीर आवाहन करून चित्रं मागवायची, परीक्षकांनी त्यातली निवडायची आणि उरलेली घरी धाडायची, या पद्धतीला तिथे ‘कोबो’ म्हणतात. निवड झाली तर ‘न्युसेन’, नाही झाली तर ‘राकुसेन’. यातल्या ‘राकु’चा अर्थ पडणं. आमचं हस्तलिखित नुसतं परत येत असे, त्यांचं चित्र चक्क पडतं. एवढं कळल्यावर राहवेना. आधुनिक जपानी चित्रकलेचा इतिहास हाताला लागेल तिथून वाचला आणि माझं मत झालं की त्या देशात कुंचल्याने जितका इतिहास घडवला, निदान तितकाच या राकुसेनने घडवला आहे.

मुळात जपानी भाषेतला ‘बिजुत्सु’ म्हणजे ललितकला हा शब्दच एका प्रदर्शनाच्या कागदपत्रांत जन्माला आला. 1873 साली व्हिएन्नात जागतिक प्रदर्शन भरणार होतं. पाठवायच्या वस्तूंचे वर्ग पाडायचे होते. जर्मन शब्दाला प्रतिशब्द सापडेना, म्हणून नवा घडवला. त्याआधी जपानात शेकडो वर्षं चित्रं निघत होती, पडदे रंगत होते, मूर्ती घडत होत्या. फक्त त्या सगळ्यांना मिळून एक रकाना नव्हता. तो मिळाला, आणि रकाना आला की आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न आलाच.

पुढे सरकारने देशांतर्गत औद्योगिक प्रदर्शनं भरवली. त्यांत रेशीम, यंत्रं, चिनीमाती यांच्या पंगतीला चित्रंही बसत. 1890 सालच्या अशाच प्रदर्शनात क्योतोच्या एका चहा विकणाऱ्या घरातल्या मुलीने चार ऋतूंतल्या चार स्त्रियांचं चित्र ठेवलं. वय पंधरा. ते चित्र विकत घेतलं व्हिक्टोरिया राणीच्या मुलाने, ड्यूक ऑफ कॅनॉटने. हे गृहस्थ त्याच वर्षापर्यंत आपल्या मुंबई इलाख्याच्या सैन्याचे सरसेनापती होते आणि काम संपवून जपानच्या वाटेने घरी निघाले होते. म्हणजे जपानी कलेच्या या शुभशकुनाला थोडा मुंबईचा पगारही लागला म्हणायचा. ती मुलगी म्हणजे उएमुरा शोएन. 1948 साली जपानचा संस्कृती सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली.

सगळ्यांच्याच चित्रांचं असं भाग्य नव्हतं. पॅरिसहून शिकून आलेल्या कुरोदा सेइकीने आणि त्याच्या मित्रांनी ‘हाकुबाकाइ’ नावाचं मंडळ काढलं होतं. त्यांच्या 1901 सालच्या प्रदर्शनात कुरोदाने एका विवस्त्र स्त्रीचं चित्र टांगलं. पोलीस आले. चित्र काढून टाकलं तर कलेचा अपमान, ठेवलं तर नीतीचा. मग त्यांनी मधला मार्ग काढला आणि चित्राच्या खालच्या अर्ध्या भागावर कापड गुंडाळलं. जपानी कलेच्या इतिहासात हे ‘परकर प्रकरण’ म्हणून नोंदलेलं आहे. वर फ्रेंच कला, खाली जपानी परकर. त्या मेइजी काळाचं याहून नेमकं चित्र स्वतः कुरोदालाही काढता आलं नसतं.

मग आलं 1907 साल. पॅरिसमध्ये ‘सालों’ भरतं तसं आपल्याकडेही भरावं, असं शिक्षणमंत्री माकिनो नोबुआकी यांनी ठरवलं आणि ऑक्टोबरात उएनोमध्ये शिक्षण मंत्रालयाचं कलाप्रदर्शन सुरू झालं. लोकांनी त्याचं लाडकं नाव केलं ‘बुंतेन’. विभाग तीन: जपानी पद्धतीचं चित्र, पाश्चात्त्य पद्धतीचं चित्र आणि शिल्प. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या माणसाने चित्र पाठवावं आणि सरकारने त्यावर मोहोर उठवावी, ही कल्पना त्या काळात केवढी मोठी होती! गुरूच्या घरी वर्षानुवर्षं शाई घोटणाऱ्या शिष्यालाही आता थेट दार ठोठावता येणार होतं.

दार उघडण्याआधीच भांडण सुरू झालं. परीक्षक कोण, यावरून. परीक्षकांत नव्या मताचे लोक जास्त झाले म्हणून जुन्या मताच्या मंडळींनी संघटना काढून पहिल्या प्रदर्शनावर बहिष्कार टाकला. सरकारने ऐकलं. दुसऱ्या वर्षी जुन्यांचं समाधान झालं, तेव्हा नवे रुसले आणि त्यांनी स्वतःचं वेगळं प्रदर्शन भरवलं. गल्लीतल्या गणेश मंडळाची फूट ज्याने जवळून पाहिली आहे त्याला यात काही शिकायचं नाही. पहिल्या वर्षी पाश्चात्त्य विभागात सर्वांत मोठा मान मिळाला वादा सान्झो या चोविशीतल्या पोराच्या चित्राला. होडीत चार जण, मधला उघडाबंब पिळदार कोळी, भोवती लखलखता समुद्र. चित्राचं नाव ‘दक्षिणेचा वारा’. बक्षीस मात्र दुसरं. पहिलं कुणालाच दिलं नव्हतं. परीक्षक मंडळ कुठल्याही देशातलं असो, पहिलं बक्षीस हातचं राखून ठेवण्यात त्याला एक विलक्षण सुख असतं.

या सगळ्याकडे बाजूला बसून मिशीतल्या मिशीत हसणारा एक माणूस होता. कादंबरीकार नात्सुमे सोसेकी. 1911 साली याच शिक्षण मंत्रालयाने त्याला डॉक्टरेट देऊ केली होती आणि त्याने ती नको म्हणून परत पाठवली होती. मंत्रालय म्हणालं, दिलेली पदवी परत घेता येत नाही. सोसेकी म्हणाला, न मागितलेली घेता येत नाही. प्रकरण तिथेच लोंबकळत राहिलं. मंत्रालयालाच ‘साभार परत’ पाठवणारा लेखक माझ्या वाचनात हा एकटाच. पुढच्याच वर्षी त्याने बुंतेनवर वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली. कला माणूस स्वतःसाठी करतो, मग काही जणांनी एकत्र बसून तिला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवायचं म्हणजे काय, असा तिचा रोख होता. लेखमाला गाजली. बुंतेनची गर्दी काही कमी झाली नाही.

1912 साली जपानी चित्रांच्या विभागाचे दोन भाग केले गेले. पहिला जुन्या वळणाच्यांचा, दुसरा नव्या वळणाच्यांचा. पाश्चात्त्य पद्धतीने रंगवणारे तरुण म्हणाले, आमच्यातही जुने-नवे आहेत, आम्हालाही दुसरा विभाग द्या. मंत्रालयाने अर्ज फेटाळला. तेव्हा 1914 साली या तरुणांनी स्वतःचीच संस्था काढली आणि तिचं नाव ठेवलं ‘निका’. ‘नि’ म्हणजे दोन, ‘का’ म्हणजे विभाग. नामंजूर झालेल्या अर्जाचा विषय हेच संस्थेचं नाव! मला हा मासला फार आवडतो. याच हिशेबाने मी एक मासिक काढून त्याला ‘साभार’ म्हणू शकलो असतो. पण माझ्याकडे तरुण मित्र कमी होते आणि पैसे त्याहून कमी.

त्याच वर्षी जपानी शैलीच्या गोटातही स्फोट झाला. योकोयामा ताइकान हा तिथला दिग्गज. तरुणपणी तो आणि त्याचा मित्र हिशिदा शुन्सो रेषेवाचून नुसत्या रंगाच्या धूसरपणाने चित्रं काढत, तेव्हा टीकाकारांनी त्या शैलीचं नाव ठेवलं होतं ‘धुकट’. दोघे 1903 साली कलकत्त्याला येऊन टागोरांच्या घरच्या मंडळींत राहूनही गेले होते. 1914 साली ताइकानला बुंतेनच्या परीक्षकांतून वगळलं. त्याने लगेच आपल्या दिवंगत गुरूची, ओकाकुरा तेनशिनची, मंदावलेली ‘जपान कला संस्था’ पुन्हा उभी केली, तीही गुरूच्या पहिल्या पुण्यतिथीला. तिच्या प्रदर्शनाचं नाव ‘इन्तेन’. थोडक्यात, एका सरकारी नकाराच्या जोडीला दुसरा नकार आला आणि जपानला एकाच वर्षात दोन संस्था मिळाल्या. त्या आजही प्रदर्शनं भरवतात. ज्या बुंतेनवर रुसून त्या निघाल्या त्याची नावं मात्र तेइतेन, नवं बुंतेन, नित्तेन अशी बदलत गेली. रुसवा टिकाऊ असतो, कचेऱ्यांच्या पाट्या बदलत राहतात.

पण नाकारलेला माणूस संस्था काढतो तेव्हा एक गंमत होते. संस्थेला प्रदर्शन लागतं, प्रदर्शनाला परीक्षक लागतात आणि परीक्षकांना नाकारायला कुणीतरी लागतं. निका नव्यांची म्हणून निघाली. दहा वर्षांच्या आत तिच्याही दाराशी नाकारलेल्यांची रांग लागली. 1923 च्या ऑगस्ट अखेर ‘मावो’ नावाच्या वांड पोरांच्या टोळीने निकाने परत केलेली चित्रं उएनो उद्यानातल्या बाकांवर मांडली, झाडांना टांगली आणि निकाच्या प्रदर्शनगृहाच्या काचेच्या छतावर दगड मारले. पोलिसांनी मेळा उधळून लावला.

पुढे चारच दिवसांनी, 1 सप्टेंबरला, निका आणि इन्तेन दोन्ही प्रदर्शनं उएनोत उघडली. दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना कांतोचा महाभूकंप झाला. टोकियो आणि योकोहामा जळाले, लाखाहून अधिक माणसं गेली. त्या सकाळी इन्तेनमध्ये ताइकानचं एक चित्र पहिल्यांदाच लोकांपुढे आलं होतं. सुमारे 40 मीटर लांबीची, काळ्या शाईची एकच गुंडाळी. डोंगरातला दवाचा थेंब ओढा होतो, नदी होतो, समुद्राला मिळतो आणि शेवटी वादळात ड्रॅगन होऊन आभाळात विरतो. ती गुंडाळी त्या दिवसातून सुखरूप वाचली. आज ती टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयात आहे.

त्याच दिवशी टोकियोत आपलंही काही जळालं. इन्तेनचाच एक चित्रकार आराइ कानपो टागोरांच्या निमंत्रणावरून भारतात आला होता. 1917-18 च्या हिवाळ्यात त्याने अजिंठ्याच्या लेण्यांत बसून भिंतींवरच्या चित्रांच्या नकला केल्या. अंधारी गुहा आणि मोठमोठे कागद. त्या नकला टोकियोच्या शाही विद्यापीठात ठेवल्या होत्या, त्या आगीत गेल्या. कानपोने तक्रार केल्याचं माझ्या वाचनात नाही. म्हातारपणी तो नाराच्या होर्यूजी मंदिरातल्या भित्तिचित्रांच्या नकला करत होता आणि 1945 साली तिकडेच निघालेला असताना वाटेत कोरियामा स्टेशनवर वारला. प्रदर्शनाच्या सगळ्या भांडणांत मला हा माणूस वेगळा वाटतो. ज्यांचं नावही ठाऊक नाही अशा चित्रकारांना त्याने आयुष्यभर न्युसेन करून टाकलं होतं.

भूकंपानंतर प्रदर्शनांना पक्कं घर मिळालं ते एका कोळशाच्या व्यापाऱ्यामुळे. क्यूशूतल्या सातो केइतारो यांनी दहा लाख येन दिले आणि 1926 साली उएनोत कलासंग्रहालय उभं राहिलं. त्यात स्वतःचा संग्रह असा फारसा नव्हताच. वेगवेगळ्या संस्थांनी आळीपाळीने दालनं घ्यायची, प्रदर्शन भरवायचं, उतरवायचं. एक प्रकारचं कलेचं मंगल कार्यालयच. एका पंगतीची पत्रावळ उचलली की दुसरी.

आणि या कार्यालयाने चित्रांचं अंगमान बदललं. पूर्वीचं जपानी चित्र घरातल्या कोनाड्यात टांगायचं, पाहुण्याने गुडघे मोडून समोर बसायचं आणि हळूहळू बघायचं, एवढ्या बेताचं होतं. आता ते शेकडो चित्रांच्या बाजारात उभं राहून लांबून ओरडू लागलं. कावाबाता र्यूशी या चित्रकाराने तर या ‘दालनाच्या कले’ची उघड बाजू घेतली आणि इन्तेन सोडून 1929 साली आपली वेगळी संस्था काढली. (संस्था काढली हे आता मी वेगळं सांगायलाही नको.) आजही या प्रदर्शनांत 162 बाय 130 सेंटिमीटरचा कॅनव्हास अगदी नेहमीचा. त्या आजींची चौकट एवढी मोठी का होती, हे मला हे वाचल्यावर कळलं. टोकियोतल्या फ्लॅटमध्ये असं चित्र काढून झाल्यावर जेवायला कुठे बसतात, ते मात्र कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

नकाराच्या इतिहासात माझा सगळ्यांत लाडका माणूस म्हणजे मुनाकाता शिको. उत्तरेकडच्या आओमोरीतल्या लोहाराचा मुलगा. डोळे इतके अधू की काम करताना नाक लाकडाला लागायचं. आपण व्हॅन गॉग व्हायचं, असं ठरवून तो 1924 साली टोकियोला आला आणि तेइतेनला तैलचित्रं पाठवू लागला. राकुसेन. पुन्हा पाठवलं, पुन्हा राकुसेन. असं करत 1928 साली एकदाचं चित्र लागलं. आणि तोवर या पठ्ठ्याचं मन लाकडी ठशांकडे वळलं होतं! ज्या दारावर चार वर्षं धडका दिल्या ते उघडल्यावर हा आत डोकावला आणि शेजारच्या दाराने निघून गेला. 1956 साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मुद्राचित्रांचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. मधल्या काळात, 1952 साली, त्यानेही स्वतःची संस्था काढून घेतली होती.

निकाची शकलं होत राहिली. 1936 साली तर तिच्या संस्थापकांपैकीच काही जण बाहेर पडले आणि त्यांनी ‘इस्सुइकाइ’ काढली. निकाच्या आतल्या अतिनवोदितांना प्रदर्शनाच्या नवव्या दालनात एकत्र कोंबत, तर त्यांनी 1938 साली ‘नववी खोली मंडळ’ स्थापन केलं. जी खोली दिली तिचंच नाव घेऊन बंड करायचं, हा निकाचा मूळ संस्कार त्यांनी चोख पाळला.

युद्धानंतर एका वर्तमानपत्राने या चक्राच्या मुळावरच घाव घालायचं ठरवलं. 1949 पासून ‘योमिउरी’ने दरवर्षी उएनोत परीक्षक नसलेलं प्रदर्शन भरवलं. ना निवड, ना बक्षीस. आणाल ते लावू. सुरुवातीची काही वर्षं लोकांनी चित्रं आणली. मग भंगार, दोऱ्या, हत्यारं, नासणाऱ्या वस्तू येऊ लागल्या. शेवटी 1962 च्या डिसेंबरात संग्रहालयाने नियम काढले: कर्कश आवाज करणाऱ्या कलाकृती नकोत, घाण वास येणाऱ्या आणि कुजणाऱ्या नकोत, धारदार पाती नकोत, छताला काही लोंबकळवू नका. कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या फलकावर शोभेल अशी ही यादी. नाकारणारं कुणीच उरलं नाही तेव्हा बिचाऱ्या इमारतीलाच ते काम करावं लागलं.

1963 सालच्या प्रदर्शनात ताकामात्सु जिरोने एक दोरी ठेवली. ती दालनातून निघाली, दाराबाहेर पडली, उद्यान ओलांडून उएनो स्टेशनकडे गेली. नाकानिशी नात्सुयुकीने कपडे वाळत घालायचे चिमटे शेकड्यांनी लावले. आकासेगावा गेन्पेइने हजार येनची नोट अवाढव्य आकारात हाताने रंगवली. नोटेची एकरंगी छपाई करून केलेल्या त्याच्या कामावर पुढे खटला भरला आणि 1966 साली पुराव्यादाखल त्याच्या नि मित्रांच्या कलाकृती कोर्टाच्या खोलीत मांडाव्या लागल्या. न्यायाधीश हे अखेर परीक्षकच. त्यांनी 1967 साली त्याला दोषी ठरवलं. योमिउरीचं प्रदर्शन त्याआधीच, 1964 साली, बंद झालं होतं.

परीक्षक असलेली प्रदर्शनं मात्र चालूच राहिली. 2007 साली टोकियोतल्याच रोप्पोंगीत कुरोकावा किशो या वास्तुविशारदाचं लाटांसारख्या काचेचं राष्ट्रीय नवं कलासंग्रहालय उघडलं. 14,000 चौरस मीटर जागा आणि स्वतःच्या संग्रहातलं एकही चित्र नाही. मंगल कार्यालयाची ही वातानुकूलित आवृत्ती. सरकारी बुंतेनचं नातवंड असलेलं नित्तेन तिथे राहायला गेलं. 2013 साली उघड झालं की नित्तेनच्या सुलेखन विभागात, मुद्रा कोरण्याच्या कलेत, कुठल्या गटाची किती कामं निवडायची याचे आकडे 2009 साली आधीच वाटून घेतले होते. खूप गवगवा झाला, नियम बदलले आणि पुढच्या वर्षी ‘पुनर्रचित नवं पहिलं नित्तेन’ भरलं. शंभराहून अधिक वर्षांच्या वाटेवर पुन्हा पहिलं!

त्यावर टीका करण्याचा मला हक्क आहे असं वाटत नाही. कारण मला त्या आजी आठवतात. त्यांना संस्था काढायची नव्हती, छतावर दगड मारायचे नव्हते. वर्षभर रंगवायचं, शरद ऋतूत उचलून न्यायचं आणि निकालाची वाट पाहायची. लागलं तर नातवंडांना घेऊन बघायला जायचं, नाही लागलं तर पुढच्या वर्षीचा कॅनव्हास ताणायचा. आधुनिक जपानी कलेचा इतिहास बंडखोरांनी घडवला असेल, पण दरवर्षी त्याची प्रवेश फी भरली ती अशा माणसांनी.

आणि एक गोष्ट त्या सगळ्यांना, आजींपासून ताइकानपर्यंत, मिळाली. नकार मिळाला. स्पष्ट, वेळेवर, नाव घालून. निकाला नकार मिळाला म्हणून निकाला नाव मिळालं. मुनाकाताला नकार मिळाला म्हणून ईर्ष्या मिळाली. हल्ली मी संपादकांना लेख ई-मेलने पाठवतो. पाकीट नाही, तिकीट नाही आणि उत्तरही नाही. लेख गेला की गेला. नकाराविरुद्ध माणूस संस्था काढू शकतो, मौनाविरुद्ध काय काढणार?

तेव्हा संपादक महाशय, हा लेख पसंत नसेल तर मुळीच छापू नका. मात्र तसं दोन शब्दांत कळवा. ते शब्द कोणते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.